स्कायनेट-१ए: बंद पडलेला उपग्रह अर्ध्या पृथ्वीपलीकडे कोणी नेला?

ब्रिटनच्या आज कक्षेत असलेल्या उपग्रहांपैकी सर्वांत जुना, स्कायनेट-१ए, भलत्याच ठिकाणी आहे. १९६९ साली हा लष्करी दळणवळण उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वर नेमला होता. आज तो अमेरिका खंडांच्या वर, १०५° पश्चिम रेखांशाच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खात फिरतो. आपोआप तो तिकडे गेला नसता. कोणीतरी त्याला आज्ञा पाठवली, त्याचे थ्रस्टर (दिशा आणि वेग बदलणारी छोटी इंजिनं) पेटले आणि तो पश्चिमेकडे निघाला. ही आज्ञा कोणी दिली, कोणाच्या अधिकारात दिली आणि कशासाठी, याची नोंद सापडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीबीसीच्या वृत्तामुळे ही गोष्ट सगळ्यांसमोर आली.

या अभ्यासात व्यक्तींची नावं घेतलेली नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या ऑपरेटरला दोषी ठरवून काही हाती लागणार नाही. दोन देशांच्या हातात असलेली एक वस्तू निकामी होत असताना तिच्याबद्दलचे निर्णय कुठे आणि कसे निसटले, हे मात्र बारकाईने पाहण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात ब्रिटिश सैन्य अजून जगभर पसरलेलं होतं. सुएझच्या पूर्वेकडचे तळ सोडण्याचा निर्णय जानेवारी १९६८ मध्ये जाहीर झाला, पण लंडनला सिंगापूरपर्यंतच्या तुकड्यांशी सुरक्षितपणे बोलता येण्याची गरज त्यामुळे संपली नव्हती. शॉर्टवेव्ह रेडिओ वातावरणाच्या वरच्या थरांच्या लहरीवर चालायचा आणि शत्रूलाही ऐकू जायचा. अमेरिकेने १९६६ पासून सोडलेल्या सुरुवातीच्या लष्करी दळणवळण उपग्रहांवर ब्रिटनने चाचण्या घेतल्या आणि मग स्वतःचा उपग्रह घ्यायचं ठरवलं.

उपग्रह ब्रिटनचा असला तरी बनवला अमेरिकेतल्या फिल्को-फोर्ड कंपनीने. जागतिक वेळेनुसार २२ नोव्हेंबर १९६९ रोजी केप कॅनाव्हरलहून अमेरिकी डेल्टा रॉकेटने तो सोडला. अपोलो-१२ चे अंतराळवीर तेव्हा चंद्राहून परतीच्या वाटेवर होते. सुरुवातीला उपग्रहाचा ताबाही अमेरिकनांकडेच होता. त्यांनी ब्रिटिशांचं सॉफ्टवेअर आपल्या सॉफ्टवेअरशी ताडून पाहिलं आणि मग सूत्रं हॅम्पशायरमधल्या ओकहँगर इथल्या रॉयल एअर फोर्सच्या केंद्राकडे दिली.

साधारण ४०° पूर्व ही जागा विचार करून निवडलेली होती. भूस्थिर उपग्रहाला, म्हणजे पृथ्वीच्याच गतीने फिरत एका जागेवर थांबल्यासारख्या दिसणाऱ्या उपग्रहाला, आपल्या खालच्या रेखांशापासून दोन्हीकडे जेमतेम ८१ अंशांपर्यंतची पृथ्वी दिसते. ४०° पूर्वेवरून ओकहँगर नीट टप्प्यात येतं आणि सिंगापूरही.

दुसऱ्या उपग्रहाने, स्कायनेट-१बीने, ऑगस्ट १९७० मध्येच दगा दिला. त्याला अंतिम कक्षेत ढकलणाऱ्या मोटरमध्ये बिघाड झाला आणि तो अधल्यामधल्या कक्षेत सोडून द्यावा लागला. म्हणजे पहिल्या पिढीतला हाताशी असलेला उपग्रह एकच, १ए.

अडचण

काही वर्षांतच १ए चं दळणवळणाचं काम थांबलं. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. उपग्रहाचे दोन भाग मानले जातात. एक भाग ज्यासाठी उपग्रह सोडला ते काम करतो, म्हणजे इथे संदेश पकडून पुढे पाठवणारी यंत्रणा. दुसरा भाग म्हणजे वाहन: वीज, आज्ञा घेणारा रिसीव्हर, थ्रस्टर, इंधनाच्या टाक्या. पहिला भाग निकामी झाला तरी दुसरा बराच काळ जिवंत राहू शकतो. स्कायनेट-१ए चं तसंच झालं असणार, नाहीतर तो पुढे हललाच नसता. संदेशांसाठी निरुपयोगी, पण सांगितलेलं ऐकणारा. त्याचं पुढे काय करायचं हे ठरवायला एवढाच अवधी होता.

ठरवायची गरज पडते ती गुरुत्वाकर्षणामुळे. पृथ्वीचं विषुववृत्त काटेकोर वर्तुळ नाही, किंचित दबलेलं आहे. त्यामुळे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत दोन ‘दऱ्या’ आणि दोन ‘उंचवटे’ तयार होतात. एक दरी ७५° पूर्वेला, दुसरी १०५° पश्चिमेला. त्यांच्या मधले उंचवटे ढोबळमानाने १२° पश्चिम आणि १६२° पूर्व इथे येतात. ताब्यात नसलेला उपग्रह जवळच्या दरीकडे ओढला जातो, तळ ओलांडून पलीकडे चढतो, थांबतो, परत फिरतो. ढकलून सोडलेल्या झोपाळ्यासारखा. फक्त या झोपाळ्याच्या एका हेलकाव्याला दोन वर्षांहून जास्त लागतात, आणि त्याला थांबवणारी हवा तिथे नाही. खाली यायला लाखो वर्षंही पुरणार नाहीत.

स्कायनेट-१ए ला ४०° पूर्वेवर नुसतं सोडून दिलं असतं, तर तो ७५° पूर्वेच्या दरीत गेला असता आणि ४०° ते ११०° पूर्व या पट्ट्यात झुलत राहिला असता. चाळीसगाव आणि अकलूज ही दोन्ही गावं जवळपास याच ७५° पूर्व रेखांशावर आहेत. विषुववृत्तावर याच रेखांशाला लागून, ७४° पूर्वेला, भारताने पुढे इन्सॅट-३सी, कल्पना-१ आणि २०१३ मध्ये नौदलासाठीचा जीसॅट-७ नेमला. ब्रिटनचा जुना उपग्रह पश्चिमेकडे हलवला गेला नसता, तर ही कटकट आपल्या उपग्रहांच्या वाट्याला आली असती.

तेव्हा समोर असलेले पर्याय

त्या काळातल्या बैठकांचे कागद समोर नाहीत, म्हणून कोणी काय तोललं हे सांगता येत नाही. पण कोणते मार्ग खुले होते आणि त्यांना इंधन किती लागलं असतं, हे गणिताने मांडता येतं. उपग्रहाचा वेग जितका बदलायचा, तितकं इंधन जास्त, म्हणून हिशोब वेगबदलात करतात.

पहिला मार्ग काहीच न करण्याचा. खर्च शून्य. उपग्रह पूर्वेकडे सरकत गेला असता आणि ७५° पूर्वेच्या आसपास पोहोचताच ओकहँगरच्या क्षितिजाखाली बुडाला असता.

दुसरा मार्ग त्याच जागी धरून ठेवण्याचा. पूर्व-पश्चिम सरकणं रोखायला वर्षभरात मिळून सेकंदाला दोन मीटरच्या आसपास एवढाच वेगबदल पुरतो. पण संदेश न वाहणारा उपग्रह सांभाळण्यात माणसांचा वेळ आणि अँटेनाचे तास जातात. शिवाय नोव्हेंबर १९७४ मध्ये सोडलेला पुढच्या पिढीचा स्कायनेट-२बी हिंद महासागरावर आला आणि जुन्याची गरज उरली नाही. जुना वाटेतून दूर व्हावा असं कोणाला वाटलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. हा माझा तर्क, नोंद नव्हे.

तिसरा मार्ग पश्चिमेकडे नेण्याचा. इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते: पश्चिमेकडे जायचं तर कक्षा उंच करावी लागते. उंच कक्षेतला उपग्रह पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा मागे पडतो, म्हणून तो पश्चिमेकडे सरकताना दिसतो. रोज एक अंश सरकायला कक्षा साधारण ७८ किलोमीटर वर न्यावी लागते. त्यासाठी सेकंदाला २.८ मीटरचा वेगबदल लागतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर थांबवायला पुन्हा तेवढाच.

चौथा मार्ग आज सर्वमान्य आहे: कक्षा आणखी उंच करून उपग्रह कायमचा रहदारीबाहेर काढायचा. याला ग्रेव्हयार्ड कक्षा म्हणतात. ३०० किलोमीटर वर ढकलायला सेकंदाला ११ मीटर लागतात. म्हणजे तिसरा आणि चौथा मार्ग यांच्यातलं अंतर डोंगराएवढं नव्हतं. पश्चिमेकडे नेऊन थांबवण्यात जेवढं इंधन गेलं असेल, ते सगळं एकाच दिशेने वापरलं असतं तर उपग्रह दीडशे किलोमीटर वर राहिला असता. आजच्या निकषात न बसणारी उंची, पण आजच्या जागेपेक्षा कितीतरी बरी.

प्रत्यक्षात काय झालं

१९७० च्या दशकाच्या मध्यात, जवळजवळ नक्की, उपग्रहाला थ्रस्टर चालवण्याची आज्ञा मिळाली आणि तो पश्चिमेकडे निघाला.

हे चुकून घडलं असेल का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. स्कायनेट-१ए हा स्वतःभोवती गरगर फिरून तोल राखणारा, नळकांड्यासारखा उपग्रह. अशा उपग्रहाचा थ्रस्टर सलग पेटवून चालत नाही. पेटवला तर अर्ध्या फेरीत दिलेला धक्का उरलेल्या अर्ध्या फेरीत पुसला जातो. सूर्य दिसल्याची खूण पकडून, प्रत्येक फेरीत नेमक्या क्षणी थोडा थोडा धक्का द्यावा लागतो. त्यासाठी कोणीतरी बसून हिशोब करायला हवा. दुसरं कारण उंचवट्याचं. ४०° पूर्वेवरून निघालेला उपग्रह १२° पश्चिमेचा उंचवटा ओलांडून पलीकडच्या दरीत शिरला, तर त्याच जोरावर तो दरीबाहेरही जातो, कारण वाटेत जोर खाणारं घर्षणच नाही. १०५° पश्चिमेच्या दरीत तो कायमचा राहिला याचा अर्थ पलीकडे पोहोचल्यावर त्याचा वेग कोणीतरी कमी केला असणार. म्हणजे निघताना एक निर्णय आणि थांबवताना दुसरा.

कोणाचे? इथे उपलब्ध साक्षी अर्ध्यावर थांबतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ओकहँगरमध्ये हा उपग्रह चालवणारे एक अभियंता आता ऐंशी पार केलेले आहेत. ताबा एका अर्थी दुहेरी होता असं ते सांगतात. तो अमेरिकनांकडे परत गेला असावा असं त्यांनाही वाटतं, पण कधी आणि का, हे त्यांना आठवत नाही. लंडनमधल्या एका संशोधक विद्यार्थिनीने जुने कागद चाळून ‘ओकआउट’ नावाच्या पद्धतीकडे बोट दाखवलं. ओकहँगर देखभालीसाठी बंद ठेवावं लागलं की उपग्रहाचा ताबा तात्पुरता कॅलिफोर्नियातल्या सनीवेलकडे जायचा. तिथलं अमेरिकी हवाई दलाचं केंद्र ‘ब्लू क्यूब’ या नावाने ओळखलं जायचं. ओकहँगरची एक तुकडी तिथे जाऊन काम करायची. अशाच एखाद्या ओकआउटमध्ये हलवाहलव झाली असेल, अशी शक्यता तिने मांडली आहे.

उपग्रहाच्या स्थितीच्या ज्या अपुऱ्या नोंदी आहेत, त्यांवरून जून १९७७ मध्ये तो ओकहँगरच्या नजरेआड गेला आणि शेवटच्या आज्ञा देण्याचं काम अमेरिकनांकडे राहिलं असं दिसतं. भूगोलही याला जुळतो. पश्चिमेकडे जाणारा उपग्रह ७७° पश्चिमेच्या आसपास ओकहँगरच्या क्षितिजाखाली जातो. १०५° पश्चिम तर हॅम्पशायरमधून दिसणंच शक्य नाही, आणि सनीवेलहून तो उत्तम दिसतो. थांबवण्याची आज्ञा कॅलिफोर्नियाकडून गेली असण्याची शक्यता यामुळे वाढते. निघण्याच्या आज्ञेबद्दल मात्र तेवढ्या भरवशाने बोलता येत नाही: सनीवेलला ४०° पूर्व दिसत नसलं तरी सेशेल्समधल्या माहे बेटावर अमेरिकनांचं केंद्र होतं, आणि ओकहँगर तर होतंच.

परिणाम

१०५° पश्चिमेच्या दरीत स्कायनेट-१ए एकटा नाही. नियंत्रण सुटलेले इतर उपग्रहही तिथे येऊन साचतात. अमेरिका खंडांना सेवा देणारे चालू उपग्रह याच पट्ट्यात दाटीने नेमलेले आहेत. तिथल्या एखाद्या चालू उपग्रहाच्या ५० किलोमीटरच्या आत दिवसातून चार वेळापर्यंत कचरा येऊ शकतो. ५० किलोमीटर ऐकायला पुष्कळ वाटतं. पण सोडून दिलेल्या उपग्रहाची कक्षा चंद्र-सूर्याच्या ओढीने विषुववृत्ताशी १५ अंशांपर्यंत कलते आणि साधारण ५३ वर्षांनी पूर्ववत होते. कल पुरता असेल तेव्हा विषुववृत्त ओलांडताना त्याचा आणि जागेवरच्या उपग्रहाचा सापेक्ष वेग सेकंदाला ८०० मीटरपर्यंत जातो. वाट सोडण्याचं काम प्रत्येक वेळी चालू उपग्रहाला, स्वतःचं इंधन खर्चून, करावं लागतं.

जबाबदारीचं काय? १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार वस्तूवरचा अधिकार नोंदणी करणाऱ्या देशाकडे राहतो. ती निकामी झाली म्हणून तो संपत नाही. १९७२ च्या दायित्व करारात ‘प्रक्षेपक देश’ या संज्ञेत प्रक्षेपण करणारा, करवून घेणारा आणि ज्याच्या भूमीवरून ते झालं तो, असे सगळे येतात. इथे ब्रिटन आणि अमेरिका दोघंही आले. पण अवकाशात झालेल्या नुकसानीची भरपाई मागायची तर चूक सिद्ध करावी लागते. उद्या टक्कर झालीच, तर चूक कोणाची हे ठरवायला नेमका तोच कागद लागेल, जो सापडत नाही.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा संदेशवहन थांबलं त्या दिवसाची. वाहन जिवंत होतं, टाकीत इंधन होतं. नुसतं ‘आता याचं काय’ एवढं विचारून उत्तर लिहून ठेवलं असतं, तरी पुढच्या प्रत्येकाला धरायला काही मिळालं असतं.

दुसरी जागा ताब्याच्या देवाणघेवाणीची. देखभालीच्या काळात उपग्रह दुसऱ्याकडे सोपवणं ही व्यवस्था चांगलीच होती. पण चालू उपग्रहासाठी तात्पुरता ताबा आणि बंद पडत चाललेल्या उपग्रहाचा कायमचा ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची पद्धत हातात असली की दुसरी गोष्टही तिच्याच आडून होऊन जाते, कोणी ठरवल्याशिवाय. १ए बाबत असंच झालं असावं, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची चूक मला हीच वाटते.

तिसरी जागा जून १९७७. उपग्रह नजरेआड गेला तेव्हा ओकहँगरमधून एका पानाचं टिपण निघायला हवं होतं: शेवटचा रेखांश, उरलेलं इंधन, पुढचा ताबा कोणाकडे. ब्रिटनच्या दृष्टीने आपली मालमत्ता परक्या आकाशात जात होती.

त्या पिढीला न्याय द्यायचा तर काळाचं भान ठेवावं लागेल. उपग्रहांच्या टकरींतून कचऱ्याचा पट्टा तयार होईल हा केसलर आणि कूर-पॅले यांचा इशारा १९७८ चा, म्हणजे स्कायनेट-१ए ओकहँगरच्या नजरेआड गेल्यानंतरचा. भूस्थिर उपग्रह निदान २३५ किलोमीटर वर ढकलावेत ही अवकाश संस्थांच्या अवकाश-कचरा समन्वय समितीची (आयएडीसी) सूचना २००२ ची, आणि संयुक्त राष्ट्रांची कचऱ्याविषयीची तत्त्वं २००७ ची. उपग्रह ग्रेव्हयार्ड कक्षेत नेला नाही म्हणून १९७५ च्या माणसांना नावं ठेवणं बरोबर नाही. नोंदीचं तसं नाही. कोणती आज्ञा किती वाजता आणि कोणाच्या सांगण्यावरून दिली, हे लिहून ठेवायची शिस्त कुठल्याही हवाई दलात १९७५ च्या कितीतरी आधीपासून होती.

वेगळं काय करता आलं असतं

इंधनाचा हिशोब वर मांडला आहेच. पश्चिमेचा प्रवास करण्याऐवजी उरलेला प्रत्येक थेंब उंची वाढवण्यात घातला असता, तर उपग्रह कोणत्याही दरीत अडकला नसता.

नोंदणीचे नियमही अपुरे होते. १९७५ च्या नोंदणी करारात कक्षेचा काळ, कल, सर्वांत दूरचा आणि जवळचा बिंदू हे कळवायला सांगितलं आहे. भूस्थिर उपग्रह कोणत्या रेखांशावर आहे, हे नाही. घराची लांबी-रुंदी नोंदवायची आणि पत्ता सोडून द्यायचा, असा हा प्रकार. भूस्थिर जागा, कामकाज थांबल्याची तारीख आणि ताबा बदलल्याची माहिती द्यावी, अशी शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ च्या ठरावात केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. लष्करी उपग्रहांबाबत देश हात आखडता घेतात हे खरं, पण निकामी झालेल्या उपग्रहाच्या जागेत गुपित कसलं?

आजची स्थिती

मृत उपग्रह ओढून नेणं आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ हे यान इंधन संपत आलेल्या इंटेलसॅट-९०१ या उपग्रहाला जाऊन जोडलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या शीच्यान-२१ ने बंद पडलेला एक बेईदोऊ दिशादर्शन उपग्रह पकडून भूस्थिर कक्षेच्या बराच वर नेऊन सोडला. स्कायनेट-१ए चं काम याहून अवघड आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या उपग्रहावर पकडायला बनवलेली जागा नाही, तो आता कसा फिरतो आहे हे आधी जवळ जाऊन पाहावं लागेल, आणि टाकीत काही उरलं असेल तर हिसका बसताना तुकडे व्हायची भीती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ६०° पूर्वेला इंटेलसॅट-३३ई फुटला तेव्हा भूस्थिर कक्षेत असं होऊ शकतं हे सगळ्यांनी पाहिलं. मोहीम कोणत्याही कंपनीने किंवा देशाने हाती घेतली तरी संमती ब्रिटनची लागेल.

तोपर्यंत करता येण्यासारखं एक काम आहे आणि त्याला रॉकेट लागत नाही. ओकहँगर आणि सनीवेलमध्ये त्या काळी पाळ्या केलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात, आणि दोन्ही देशांच्या अभिलेखागारांतल्या ओकआउटच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून तारखा जुळवायला हव्यात. १९७४ च्या अखेरीपासून जून १९७७ पर्यंतचा काळ तपासायला पुरेसा आहे.